चौतीस किलोमीटरची चोरी

१

गाडी जागेवर होती. दाराला कुलूप होतं, किल्ली खिशात होती, रंगावर एक ओरखडा नव्हता. चोरीला गेले होते ते फक्त चौतीस किलोमीटर.

शनिवारी सकाळी नऊला पाच कमी असताना चष्मेवाले तळघरातल्या आपल्या पिवळ्या गाडीत शिरले. शिरले म्हणजे आधी वाकले, मग बसले आणि शेवटी पडले. गाडी इतकी बुटकी होती की तिच्यात बसण्याचा दुसरा सभ्य मार्ग त्यांना सहा दिवसांत सापडला नव्हता. त्यांनी किल्ली फिरवली आणि समोरच्या छोट्या मीटरकडे बघितलं. एका फेरीत गाडी किती चालली, एवढंच तो मीटर सांगतो. काल सकाळी ते तलावापर्यंत जाऊन आले होते. चौतीस किलोमीटर. उतरताना त्यांनी आकडा दोनदा वाचला होता आणि खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलाही होता. आज तिथे शून्य होतं.

घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. एक नंबरचं बटण दाबलं की आसन आपोआप पुढे सरकायचं आणि त्यांच्या आखूड पायांना क्लच पोचायचा. आज आसन ढिम्म. रेडिओ नुसता खरखरत होता. मोठ्या मीटरवरचा एकूण आकडा मात्र शाबूत होता. काल निघतानाच्या आकड्यात बरोबर चौतीसची भर. म्हणजे गाडी चालली होती हे खरं, आणि त्यांच्यानंतर ती कोणी चालवली नव्हती हेही खरं. मग हे सगळं पुसलं कोणी?

गेले सहा दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं. सोमवारी त्यांना वाटलं, नवी गाडी, आपणच काहीतरी दाबलं असेल. मंगळवारी वाटलं, पुन्हा दाबलं असेल. बुधवारी त्यांनी हात मांडीखाली घालून बसायचंच काय ते बाकी ठेवलं. आणि आता घाबरायची वेळ आली होती, कारण चष्मेवाल्यांचे वडील साठीनंतर असेच विसरायला लागले होते. आधी वस्तू, मग वार, मग माणसं. शेवटी शेवटी ते मुलाला दुकानातलं गिऱ्हाईक समजून चष्म्याचा नंबर विचारायचे. चष्मेवाल्यांना गेल्या महिन्यात एकसष्टावं लागलं होतं.

लेकीने तर निकालच देऊन टाकला होता. "बाबा, या वयात अशी गाडी घेतलीत तेव्हाच मला शंका आली. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगीच नाही. शनिवारी पाचच्या आत गाडी परत करायची. सोमवारी डॉक्टर. आणि डॉक्टर सांगेपर्यंत दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे."

गाडी सात दिवसांत परत करता येईल, असं विकणाऱ्याने लिहून दिलं होतं. सातवा दिवस आज उजाडला होता.

चष्मेवाले धडपडत बाहेर आले आणि तळघराच्या दाराशी बसणाऱ्या राखणदार काकांसमोर उभे राहिले.

"काका, खरं सांगा. माझ्या गाडीजवळ कोणी आलं होतं?"

"छे हो साहेब! बारा वर्षं ही गाडी इथेच उभी असते. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. कोणीसुद्धा आलं नाही."

हे उत्तर ऐकून एखाद्याचा जीव भांड्यात पडला असता. चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. कोणी आलं नाही, तर मग उरलं कोण?

२

थोरली मेहुणी, म्हणजे बायकोची सख्खी मोठी बहीण, तासाभरात हजर झाली. लेक सोडून घरात सगळे तिला ताई म्हणत. अपघात झालेल्या गाड्या बघून विमा कंपनीला खरं काय ते कळवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. समोरचा माणूस बोलत असला की ती त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघायची. त्यामुळे खोटं बोलणारा आपोआप पाय मागे घ्यायचा.

"मेहुणे," ताई गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "घरात मी असताना जुनी गाडी मला न दाखवता घेतलीत? काखेत कळसा आणि गावाला वळसा! थंड इंजिन सुरू करून पाहिलंत?"

"नाही."

"खाली वाकून पाहिलंत?"

"दिव्याच्या काचा पाहिल्या," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "डाव्या काचेवर बारीक चरा आहे."

ताईंनी कपाळाला हात लावला. पण खरंच, चष्मेवाल्यांनी गाडी तशीच घेतली होती. चाळीस वर्षं लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून ते काचा घासत बसले. एक दिवस दुकानासमोर ही पिवळी गाडी येऊन थांबली आणि त्यांना काचेपलीकडचं काहीतरी पहिल्यांदाच हवंसं वाटलं. विकणारा दलाल तळघरातसुद्धा डोक्यावर गॉगल चढवून फिरे, म्हणून सगळे त्याला गॉगलच म्हणत. त्याने गाडी दाखवली तेव्हा चष्मेवाल्यांनी पुढचं झाकण उघडून इंजिन शोधलं. तिथे डिकी निघाली. मागे डिकी शोधली तर इंजिन. मागची सीट कुठे आहे, असं विचारल्यावर गॉगलला हसू आवरेना. तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. आधीचा मालक परदेशी निघाला होता. गाडी त्याच तळघरात, त्याच जागी राहिली. फक्त मालक बदलला.

"दुसरी किल्ली कोणाकडे?"

"लेकीकडे."

"हं. आणखी काय काय घडलं? गाडीतलं आणि घरातलंही. काही वगळू नका."

चष्मेवाल्यांनी सांगितलं. बुधवारी सकाळी फेरी मारून गाडी लावली. चार वाजता मनात आलं म्हणून पुन्हा गेले, तर किल्ली फिरवूनही गाडी मेल्यासारखी. तळघरात फोन लागत नाही म्हणून वर गेले. काकांची खुर्ची रिकामी होती. गॉगलने फोन उचलला नाही. दहा मिनिटांनी खाली आले तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मंगळवारी गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती. घर पालथं घातल्यावर ती बायकोच्या बटणांच्या डब्यात मिळाली. गुरुवारी गॅसवर रिकामं पातेलं जळत होतं.

"तुम्हीच ठेवलंत ते?"

"ही म्हणते, मीच ठेवलं." त्यांचा आवाज खाली गेला. "मला आठवत नाही, ताई. तेच तर भय आहे."

ताई चक्क फरशीवर बसल्या. पुढच्या चाकावरच्या कमानीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि आतून चाचपत राहिल्या. मग हातरुमालाला बोटं पुसली आणि मोबाइलच्या उजेडात पुन्हा आत डोकावल्या.

"मेहुणे, आत बोटभर धूळ आहे. फक्त एक तारेची कडी तेवढी लख्ख आहे, रोज कोणीतरी ओढत असल्यासारखी." त्या उठल्या. "तुमचा चोर किल्लीने आलेलाच नाही."

३

ताई घरी आल्या तेव्हा लेक आईजवळच बसली होती. बायकोने चहा दिला. ताईंनी पहिला घोट घेतला आणि भाचीच्या चपलांकडे बघितलं.

"दुसरी किल्ली दाखव."

लेकीने पर्समधून पाकीट काढलं. दलालाच्या दुकानाची चिकटपट्टीसुद्धा उघडलेली नव्हती.

"तुझ्या बाबांनी गाडी परत करावी असं तुला वाटतं."

"वाटतं. आणि त्याची मला लाज नाही वाटत, मावशी." लेकीचे डोळे भरून आले. "आजोबा हरवले होते तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा तीन दिवस त्यांना शोधत होते. बाबांना शोधत फिरायची माझी छाती नाही."

चष्मेवाले खिडकीपाशी उभे होते. आतापर्यंत त्यांना लेकीचा राग आला होता. आता तोही हातचा गेला.

"पण ती म्हणते ते खरंच आहे, ताई," बायको म्हणाली. "हे हल्ली फार विसरतात. परवा पातेलं जाळलं. मीच होते म्हणून वाचलं घर."

"परवा किती वाजता?"

"दुपारी. तीन असतील."

"बरं." ताईंनी रिकामा कप खाली ठेवला.

बायकोने कपाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "अगं बाई, बोलता बोलता विसरलेच. ताई, चहा ठेवते हं तुला."

"ठेव," ताई एवढंच म्हणाल्या. चष्मेवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खिशातल्या चिठ्ठ्या काढून पुन्हा पुन्हा वाचत होते. चष्म्याचे नंबर लिहायच्या त्या चिठ्ठ्यांवर त्यांनी आठवडाभर गाडीतलं घड्याळ काय दाखवतं ते टिपून ठेवलं होतं. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आकडा दिसला की लिहायचा, ही चाळीस वर्षांची खोड.

ताईंनी चिठ्ठ्या हातातून काढूनच घेतल्या. सोमवारी गाडीशी पोचले आठ पन्नासला, गाडीतलं घड्याळ बारा वीस. मंगळवारी पोचले नऊ पाचला, घड्याळ बारा पस्तीस. आज आठ पंचावन्न, बारा पंचवीस.

"चक्रावून गेलो मी," चष्मेवाले म्हणाले. "घड्याळ बिघडलंय म्हणावं, तर रोज वेगळं कसं बिघडतं?"

"बिघडलेलं नाही. चोख चालतंय." ताई उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते पुरतं फुललं नाही. "चला तळघरात. तुमच्या चोराची वेळ मला मिळाली."

४

"हे असं बघा," ताई चालता चालता सांगू लागल्या. "गाडीची बॅटरी तोडली की गाडी सगळं विसरते. छोटा मीटर शून्यावर, आसनाची जागा गायब, रेडिओ गायब. आणि बॅटरी पुन्हा जोडली की घड्याळ बारापासून मोजायला लागतं. आज तुम्ही आठ पंचावन्नला बारा पंचवीस पाहिलेत. म्हणजे बॅटरी पंचवीस मिनिटांपूर्वी जोडली गेली. किती वाजता?"

"साडेआठला."

"सोमवारी?"

चष्मेवाल्यांनी मनात वजाबाकी केली. "साडेआठ. मंगळवारीही साडेआठच!"

"तुम्ही येण्याआधी, रोज, ठरल्या वेळी. तुमच्या वाईटावर असलेला माणूस बॅटरी जोडून ठेवेल कशाला? तोडलेलीच ठेवेल. हा तर गाडी तुमच्यासाठी तयार करून ठेवतोय. बुधवारी तुम्ही अवेळी आलात, तेव्हा त्याला वेळच मिळाला नाही. तुम्ही फोन करायला वर गेलात आणि गाडी जिवंत झाली. त्या दहा मिनिटांत रिकामी खुर्ची कोणाची होती?"

काका ताईंना बघून उठून उभे राहिले. ताईंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. कॅनव्हासचे बूट, टाचेला शिवलेले, पुसून स्वच्छ केलेले. ते मागे सरले नाहीत.

"काका, गाडीजवळ कोण आलं हे मी विचारत नाही. गाडीसाठी तुम्ही रोज काय करता, ते सांगा."

काकांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"साहेब गाडी लावून गेले की पाच मिनिटांत मी खटका बंद करतो. अशा गाड्यांची बॅटरी उभ्या उभ्या उतरते ना! किल्ली लागत नाही. चाकाआड कडी आहे, ती ओढली की पुढचं झाकण उघडतं, आत बॅटरीचा खटका. आधीच्या साहेबांनी स्वतः शिकवलंय. सकाळी साडेआठला चालू. बारा वर्षांत एक दिवस खाडा नाही. जाताना ते म्हणाले, काका, गाडीची काळजी अशीच घ्या." मग त्यांना चष्मेवाल्यांचा चेहरा दिसला आणि ते गडबडले. "साहेब, काही चुकलं का माझं?"

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"कोणी आलं का, असं विचारलंत. कोणी आलं नव्हतं. मी तर इथेच असतो."

चष्मेवाले हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि सोडायला विसरले. आपलं डोकं ठिकाणावर आहे! आठवडाभर त्यांनी स्वतःवर पाळत ठेवली होती. बायकोचं नाव, दुकानाचा फोन नंबर, रस्त्यांची वळणं ते रोज सकाळी मनात घोकत होते. ते सगळं ओझं या शिवलेल्या बुटांच्या माणसाने उतरवलं.

"आणि मी रविवारीच गॉगलसाहेबांना बजावलं होतं," काका दुखावल्या आवाजात म्हणाले. "नव्या मालकांना खटक्याचं तेवढं सांगा, नाहीतर ते घाबरतील."

चष्मेवाल्यांचं हसू थांबलं. गॉगलने एक शब्दही सांगितला नव्हता.

५

"परत दिलीत तरी हरकत नाही," गॉगल म्हणाला. त्याच्या दुकानात सात गाड्या आणि एकच पंखा होता. "पिवळीला आणखी एक गिऱ्हाईक विचारतंय."

"असं होय!" चष्मेवाले तावातावाने पुढे झाले. नाकासमोर चालणारा हा माणूस आयुष्यात प्रथमच कोणावर आवाज चढवत होता. "म्हणून खटक्याचं लपवलंत! मी घाबरून गाडी परत आणावी म्हणून! अहो, वेड लागायची पाळी आली माझ्यावर!"

गॉगलने डोक्यावरचा गॉगल काढला. हे तो क्वचितच करी.

"लपवलं? साहेब, मी रविवारी संध्याकाळीच सांगितलं की!"

"कोणाला?"

"तुमचा फोन बंद होता. कागदावर दुसरा नंबर होता, मॅडमचा. त्यांना सांगितलं सगळं. खटका, कडी, काका, सगळं."

"चोराच्या उलट्या बोंबा," चष्मेवाले ताईंना म्हणाले. "ही मला सांगितल्याशिवाय राहील? काडी हलली तरी सांगणारी बाई ती!"

ताई गॉगलच्या बुटांकडे बघत होत्या. टोकदार, चकचकीत, त्याला न शोभणारे. पण जागचे हलले नाहीत.

गॉगलने मोबाइल पुढे केला. रविवार, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं. चष्मेवाल्यांच्या बायकोचा नंबर. बोलणं सहा मिनिटं चाललं होतं.

"मॅडम फार नीट बोलल्या," गॉगल म्हणाला. "म्हणाल्या, थांबा हं, लिहून घेते. मग लिहिलेलं मला वाचूनही दाखवलं."

चष्मेवाल्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई खुर्चीत बसल्या होत्या. त्या कधी बसल्या ते त्यांना कळलंच नाही.

६

तीन वाजता दोघं घरी आली तेव्हा बायको आणि लेक खाली भाजी आणायला गेल्या होत्या. तेवढा वेळ ताईंना पुरेसा होता. त्या सरळ शिवणाच्या कपाटाकडे गेल्या आणि बटणांचा डबा काढला.

"त्यात काय शोधताय?" चष्मेवाले अजून गॉगलमध्येच अडकले होते. "मला तर काही समजेनासं झालंय. फोन झाला हे खरं. मग हिने सांगितलं का नाही? लेकीशी संगनमत करून मला…"

"किल्ली मंगळवारी या डब्यात कोणी ठेवली?"

"मी. म्हणजे, ही म्हणते मी."

"तुम्ही या डब्याला आजवर कधी हात लावलात?"

बायकोची बटणं कोणत्या रंगाच्या डब्यात असतात, हे त्यांना मंगळवारी पहिल्यांदा कळलं होतं.

"पातेलं गुरुवारी तीन वाजता जळलं. गुरुवारी तीनला तुम्ही कुठे होता?"

"दुकानात. एका बाईंचे डोळे तपासत होतो. चारला आलो तेव्हा घरभर धूर…" ते बोलता बोलता थांबले. "पण मग मी ते कसं ठेवलं?"

ताईंनी डबा टेबलावर उलटा केला. बटणं खळखळत पसरली. त्यांच्यात एक चार घड्यांची चिठ्ठी होती. सुवाच्य, गोल अक्षर. बायको शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची, तेच. "यांना सांगणे. गाडीची बॅटरी राखणदार रोज बंद करतात. घाबरू नये. घड्याळ व मीटर शून्य होईल." खाली रविवारची तारीख.

चष्मेवाल्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"एक हात वस्तू कुठे ठेवतो, ते ठरलेलं असतं," ताई म्हणाल्या. "किल्ली इथे होती, म्हणून चिठ्ठीही इथेच असणार असं वाटलं. नसती मिळाली तर बरं झालं असतं. सकाळी माझा कप समोर असताना तिने पुन्हा चहा ठेवला. मी तिला लहानपणापासून ओळखते, मेहुणे. आमच्या घरात तिच्यासारखी आठवण कोणाची नव्हती."

"नाही हो," चष्मेवाले म्हणाले. "नाही. ती दमते हल्ली. झोप होत नाही." ते खोलीत इकडून तिकडे चालू लागले. दुपारी तळघरात केवढा आनंद झाला होता त्यांना! त्या आनंदाची आता त्यांना शरम वाटत होती. विसरणारा आपणच असतो, तर किती सोपं झालं असतं. निदान ती शाबूत राहिली असती.

जिन्यात पावलं वाजली.

"काय सांगू त्यांना?" ताई दाराकडे बघत म्हणाल्या. "खरं सांगणं एवढंच मला येतं. पण ती माझी धाकटी आहे."

चष्मेवाल्यांनी बटणं ओंजळीने डब्यात भरली, झाकण लावलं आणि चिठ्ठी खिशात घातली.

७

"मिळाला का चोर?" लेकीने पिशवी खाली ठेवत विचारलं.

"मिळाला," चष्मेवाले म्हणाले. "बॅटरी रोज काका बंद करत होते, आधीच्या मालकाच्या शिरस्त्याने. रविवारी गॉगलचा तसा फोन आला होता. आईने मला सांगितलंही होतं. मीच विसरलो."

बायको दारातच उभी राहिली. ताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाबा!" लेक खुर्चीवर टेकली. "म्हणजे मी म्हणत होते तेच."

"तेच. सोमवारी जाऊ डॉक्टरकडे. आईही येईल. या वयात दोघांचीही तपासणी झालेली बरी." त्यांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि लेकीच्या हातात ठेवल्या. चाळीस वर्षांत त्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्या नव्हत्या. "तू बघ दुकान. मला आता घरीच राहायला हवं."

लेकीची वाद घालायची तयारी होती. असं निमूट ऐकून घेणारा बाप बघून ती रडायलाच लागली. "आणि गाडी?" तिने जरा वेळाने विचारलं. चार वाजून गेले होते.

"गाडीत खोट नाही, मी बघितलीय," ताई खिडकीकडूनच म्हणाल्या. "राहू दे. डॉक्टर बोलेपर्यंत एकट्याने चालवायची नाही, एवढं पुरे. शेजारी कोणीतरी हवं."

"एकटा जाणारच नाही," चष्मेवाले म्हणाले आणि बायकोकडे वळले. "येतेस?"

तिला गाडीत बसवायला तिघं लागली. ताई आणि काका दोन बाजूंनी धरून होते, आणि चष्मेवाले आतून हात ओढत होते. "अगं बाई, ही गाडी आहे की पाट!" ती म्हणाली. काका गालातल्या गालात हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बहिणीचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि बराच वेळ तिथेच हात ठेवून उभ्या राहिल्या.

गाडी गावाबाहेर पडली. मागे इंजिन गुरगुरत होतं. चष्मेवाले ताशी तीसच्या वर जात नव्हते; एक सायकलवाला त्यांना मागे टाकून, वळून बघून गेला.

"तुम्ही खोटं बोललात," बायको म्हणाली.

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "कुठे?"

"मी नव्हतं सांगितलं तुम्हाला. परवा बटण शोधताना ती चिठ्ठी सापडली मला. अक्षर माझं. कोणाचा फोन, कधी आला, काही म्हणजे काही आठवेना. पुन्हा तिथेच ठेवून दिली." ती आपल्या हातांकडे बघत होती. "दोन महिने झाले असं होतंय. तुम्ही विसरता असं म्हटलं ना, की मला थोडा वेळ बरं वाटायचं. इतकी वाईट आहे मी."

चष्मेवाल्यांनी गाडी कडेला घेतली. ब्रेक जरा जोरात लागला. त्यांना खूप काही सांगायचं होतं. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, आपण आहोत.

"भीती वाटते हो मला," ती म्हणाली.

"मलाही," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा हात धरला.